टाकीच्या पोटात

आमच्या घरी तुरीचं वरण शिजत नसे. माय सकाळी डाळ चुलीवर चढवायची, आम्ही शाळेत जाऊन परत यायचो, तरी डाळीचे दाणे तळाशी सुटे सुटे, ताठ मानेनं पडलेले असायचे. दोष डाळीचा नव्हता आणि मायचाही नव्हता. पाणी खारं होतं. अकोला आणि दर्यापूरच्या मधल्या त्या पट्ट्यात जमीन अशी की रुमाल पुरला तर धोतर उगवावं, पण विहीर खणली की मिठाचं पाणी लागायचं. त्या पाण्यानं चहा फाटायचा, साबणाला फेस यायचा नाही, आणि केस धुतले की सुतळीसारखे उभे राहायचे. पिण्यापुरतं गोडं पाणी शेजारच्या गावच्या एका विहिरीवरून बैलगाडीत ड्रम टाकून यायचं आणि ते घरात तुपासारखं वाढलं जायचं. मी पुढे नोकरीच्या निमित्तानं अमरावतीला आले, तेव्हा पहिल्यांदा मऊ वरण रोज खायला मिळालं. खोटं सांगत नाही, पहिले काही महिने मला ते आजाऱ्याचं जेवण वाटायचं. दाताला काही लागतच नव्हतं.

बाबा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. कोणतीही वस्तू विकत घ्यायची वेळ आली की ते ती आधी उलटीपालटी करून पाहायचे आणि म्हणायचे, "हे तं घरीच होते." मग ती घरी व्हायची. घरी केलेल्या खुर्चीवर बाबांशिवाय कोणाला बसता येत नसे, कारण ती एका बाजूला कलायची आणि तिचा तोल फक्त त्यांना माहीत होता. घरी केलेल्या उंदराच्या पिंजऱ्यात उंदीर कधी सापडला नाही, मायचं बोट मात्र सापडलं. माय या सगळ्याकडे पाऊसपाण्याकडे पाहावं तसं पाहायची. आलं तर आलं, गेलं तर बरं.

दादा माझ्याहून बराच मोठा. विजेच्या खांबावर चढायची त्याची नोकरी होती. उंच, काळासावळा, बोलायला कमी, आणि खांबावर चढला की मोठ्यानं गाणी म्हणायचा. नोकरी पक्की, व्यसन नाही, घरात सासू म्हणून माय, जिच्या तोंडून कोणाबद्दल वाईट शब्द निघत नसे. तरी त्याची सोयरीक जुळत नव्हती. पाहुणे यायचे, पोहे खायचे, दादाला दोन प्रश्न विचारायचे. मग माय चहा आणायची. गोड्या पाण्याचा ड्रम त्या दिवशी आला नसला तर चहा कपातच फाटायचा, आणि पाहुण्यांच्या तोंडावर सोयरीकही फाटलेली दिसायची. एका बाईंनी तर दारातच सांगितलं, "पोरगा खांबावर चढते त्याचं काई नाई, पडला तं पडला. पन आमची पोट्टी खारं पानी नाई भरनार."

अशात दादा आणि बाबा शेंदूरजनाघाटला एक मुलगी पाहून आले. तिकडे संत्र्याच्या बागा, गोड्या पाण्याच्या विहिरी, सगळा मुलूखच आमच्या उलट. मुलीचं नाव प्रमिला. दादा परत आला तो गप्पच. जेवताना मायनं विचारलं, "कशी हाय?" तर म्हणाला, "हाय." दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या खांबांवर गाणी सुरू झाली, तेव्हा आम्हाला काय ते कळलं. मुलीकडची मंडळी पेरणीच्या आधी घर पाहायला येणार होती. बाबा दोन दिवस त्या कलत्या खुर्चीत बसून टिनाच्या छपराकडे पाहत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "आपल्या घरावर किती पानी पडते आन् वाया जाते, माहीत हाय का? टाकी करू. पत्र्याची. घरीच होते."

जस्ती पत्रे अकोल्याच्या लोखंडबाजारातून आले. बाबांनी ते एसटीच्या टपावर चढवले. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, हे काय सामान हाय का?" बाबा म्हणाले, "हे गोडं पानी हाय." कंडक्टर आमच्याच भागातला असावा, त्यानं पुढे काही विचारलं नाही. पत्रे उतरवले त्या दिवसापासून आमच्या अंगणात जो आवाज सुरू झाला तो विसरणं शक्य नाही. पत्रा गोल वळवायचा तर तो लाकडाच्या ओंडक्यावर टाकून ठोकायचा. मग दोन पत्र्यांच्या कडा एकावर एक घेऊन भोकं पाडायची, त्यात रिवेट घालून ती ठेचायची आणि वरून कथलाचा डाख भरायचा. डाखाची लोखंडी कांडी तापवायला चुलीशिवाय जागा नव्हती. त्यामुळे मायच्या चुलीत एका बाजूनं भाकरीचं लाकूड आणि दुसऱ्या बाजूनं बाबांची कांडी. "आता भाकर टाकू का तुमची टाकी भाजू?" माय विचारायची. बाबा कांडी घेऊन अंगणात धावायचे, पोचेपर्यंत ती निवायची, परत चुलीशी. त्या उन्हाळ्यात आम्ही खाल्लेल्या सगळ्या भाकरींना डाखाआधी कांडीला लावायच्या नवसागराचा वास होता. शेजारचे बळीरामकाका रोज कुंपणावर हात ठेवून उभे राहायचे. "मास्तर, कोन्या देशावर चाल करून जायचं हाय?" बाबा रिवेट तोंडात धरून ठोकत असल्यामुळे उत्तर देत नसत.

टाकी उभी राहिली तेव्हा माणसाहून उंच झाली होती. कडूलिंबाच्या सावलीत, दगडाच्या ओट्यावर, जराशी कललेली. बाबांच्या हातची कोणतीही वस्तू सरळ उभी राहत नसे. वर तोंड ठेवलं होतं ते इतकं लहान की त्यातून फक्त मीच आत जाऊ शकत होते. मी तेव्हा नववीत गेले होते आणि हिराच्या झाडूसारखी बारीक होते. माझ्या वाट्याला त्या टाकीतलं सगळ्यात मजेचं काम आलं. आत उतरून वरचं झाकण लावायचं की आत काळोख. मग जिथं जिथं डाख बसला नाही तिथून बाहेरचा उजेड आत यायचा. दिवसाढवळ्या चांदण्या. प्रत्येक चांदणीत मी झाडूची एक काडी खुपसायची, ती बाहेर निघाली की बाबांना भोक कुठं आहे ते दिसायचं, आणि ते तिथं डाख द्यायचे. पहिल्या दिवशी टाकी बाहेरून साळिंदरासारखी दिसत होती. बळीरामकाका म्हणाले, "आता ह्याच्यात पानी नाई भरलं तरी चालते, पोराईले भेव दाखवाले कामी येईल."

पाहुणे दुपारच्या गाडीनं येणार होते. आले सकाळच्या पहिल्या गाडीनं. मी टाकीत होते. अंगात जुना फाटका झगा, हातापायाला आतल्या सांध्यांना फासलेलं डांबर, केसांत जाळं. बाबा टाकीजवळ नव्हते, चुलीपाशी कांडी तापवत होते. फाटकाशी "जयभीम, मास्तर" असा भारदस्त आवाज आला आणि पाठोपाठ मायची पावलं टाकीकडे धावत आली. झाकणाच्या फटीतून ती पुटपुटली, "कुंदे, पाहुने आले. आता बाहेर निघू नको, तुया अवतार पाहून पोरगी तं सोड, शेळी नाई देनार कोनी. गप राह्य." आणि तिनं शिडी उचलून नेली. मी काही बोलायच्या आत ती गेलीसुद्धा. सकाळची वेळ होती, सावली होती, आत तितकंसं तापलं नव्हतं. मी गुडघे जवळ घेऊन बसले. खरं सांगायचं तर मला बाहेर जायचंच नव्हतं. दादाच्या सोयरिकीच्या वेळी मला दरवेळी आत कोंडून पोहे करायला बसवत. या वेळी निदान कोंडायची जागा तरी अंगणाच्या मधोमध होती.

पाहुण्यांत दोघंच होती. मुलीचे वडील नामदेवराव आणि त्यांची थोरली बहीण, जिला सगळे आत्याबाई म्हणत. मला ती दोघं दिसत नव्हती, पण पत्र्याच्या आत आवाज असा घुमून येतो की माणूस कानाशी बसून बोलल्यासारखं वाटतं. नामदेवराव अंगणातच बाजेवर बसले आणि त्यांनी पाण्यावर बोलायला सुरुवात केली. "आमच्याकडं कसं हाय मास्तर, विहिरीत हात घातला की पानी. गोडं, साखरेसारखं. आमच्या पोरीले सवयच नाई न बा, काटकसरीनं पानी वापराची. म्हून इचार करा लागते." बाबा टाकीबद्दल सांगू लागले, किती पाणी मावेल, छपरावरून पन्हाळ कशी येईल. नामदेवराव म्हणाले, "हां हां, चांगलं हाय. पन पत्र्याची टाकी ती पत्र्याची टाकी. विहीर ती विहीर."

मग बाबा आणि दादा घरात खुर्च्या मांडायला गेले, माय चहाकडे गेली, आणि ती दोघं भाऊबहीण सावली पाहून थेट टाकीला टेकून उभी राहिली. आत्याबाई टाकीला पाठ लावून, इतक्या जवळ की एक चांदणी त्यांच्या पाठीमागे विझली.

"काहून एवढ्या फुशारक्या मारून राहिला रे?" आत्याबाईंचा आवाज खाली आला होता. "हात घातला की पानी? विहिरीत उतरून खरडलं तरी लोटाभर निघत नाई. चैतातच तळ उघडा पडला. अर्धी बाग वाळून गेली. उद्या पोरीचं लगन काढलं तं मांडवाले पानी कुठून आनशील?"

"हळू बोल, बाई." नामदेवराव म्हणाले. "पानी हाय म्हून आपला रुबाब हाय या खाऱ्या गावात. या लोकायले सांगून बसू नको. पोराले मी नाई म्हनत नाई, पोरगा चांगला हाय. पन थोडं तानून धरलं तं मान राह्यते."

मी तोंडात झग्याची कड कोंबली. आजही कधीकधी मी एकटीच हसते तेव्हा नातसून विचारते, "आजी, काय झालं?" तिला काय सांगू? आमचं खारं पाणी चुलीला, अंगाला, कपड्याला, सगळीकडे आमची अब्रू काढत होतं, आणि हे साखरेच्या पाण्याचे धनी लोटा घेऊन फिरत होते. मला इतका आनंद झाला की तो नुसता पोटात ठेवणं शक्य नव्हतं. बाबांनी नामदेवरावांना मागचं वावर दाखवायला हाक मारली, ते गेले. आत्याबाई एकट्या उरल्या, तशाच टेकून. त्यांच्या पाठीमागे विझलेली ती चांदणी माझ्या अगदी डोळ्यासमोर होती. आणि माझ्या हातात झाडूची काडी होती. पुढचं मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. हातानं केलं.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. दचकून बाजूला झाल्या, वळल्या, आणि टाकीतून बाहेर आलेल्या काडीकडे बराच वेळ पाहत राहिल्या असाव्यात. मग त्यांनी ती काडी बाहेरून धरून हळूच ओढली. मी आतून सोडली नाही. त्यांनी पुन्हा ओढली. मी पुन्हा धरून ठेवली.

"कोन हाय आत?" त्यांनी भोकाशी तोंड नेऊन विचारलं.

"मास्तरची धाकटी. कुंदा."

"आत काय करून राहिली?"

"भोकं पाहून राहिली."

"आन् कानानं काय करून राहिली?"

मी काडीवरची पकड सैल केली. मग त्या म्हणाल्या, "समदं ऐकलं?"

"तुमच्या विहिरीत पानी नाई, एवढंच ऐकलं."

"एवढंच," आत्याबाई म्हणाल्या, आणि पत्र्याला हात लावून उभ्या राहिल्या. हाताच्या बांगड्या पत्र्यावर किणकिणल्या. "कोनाले सांगशील?"

"दादाले बायको भेटली तं काहून सांगू?"

आत्याबाईंना राग आला असता तर सोयरीक तिथंच संपली असती आणि दादा पुढे कितीही उंच खांबावर चढला असता तरी मी त्याच्यापुढे उभी राहू शकले नसते. पण बाहेरून जो आवाज आला तो हसू दाबल्याचा होता. नाकातून आलेला, ठसक्यासारखा.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग एक खरं खरं सांग. पाहुन्यायले कोनी खरं सांगत नाई, तू टाकीत हाय म्हून इचारून राहिली. तुया भाऊ कसा हाय?"

मी विचार केला. खोटं बोलावं असं वाटलं नाही, कारण काळोखात खोटं बोलायला मजा येत नाही. "दारू पेत नाई. घोरते. रागावला तं भांडत नाई, जेवत नाई, आन् मंग माय बी जेवत नाई, म्हून त्याचा राग लवकर जाते. खांबावर गानं म्हनते. तुमची पोरगी पाहून आला तवापासून समद्या गावाचे दिवे सुधरले."

"आमची प्रमिला फटकळ हाय."

"चालते," मी म्हटलं. "इथं पानीच खारं हाय. मानूस खारं असलं तं काय फरक पडते?"

आत्याबाईंनी काडी पुन्हा आत ढकलली. "हे धर. तुया कामाची हाय. आन् आजपासून तुया तोंडाले डाख." एवढं म्हणून त्या घरात गेल्या. थोड्या वेळानं माझ्या कानावर त्यांचा मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला. "नामदेव, मले सोयरीक पसंद हाय. ज्या घरचा मानूस पान्यासाठी एवढं ठोकून राहिला, तो सुनेले तहानलेली ठेवनार नाई." नामदेवराव काहीतरी पुटपुटले. आत्याबाई म्हणाल्या, "आता चहा येऊ दे." चहा आला. मला नंतर मायनं सांगितलं की तो चहा किंचित फाटलाच होता आणि आत्याबाईंनी दुसरा कप मागून घेतला.

पावसाळ्यात टाकी भरली. वरच्या बाजूनं एका ठिकाणी गळली, तिथं मायनं तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी डांबरात बुडवून कोंबली आणि ती चिंधीच शेवटपर्यंत टिकली. बाबांचे डाख कधी ना कधी सुटले. टाकीच्या पाण्यात पहिल्यांदा डाळ टाकली तेव्हा माय नेहमीसारखी कपडे धुवायला गेली. परत येऊन पाहते तर डाळ कधीच विरघळून गेलेली, खाली लागायच्या बेतात. तिनं पळी फिरवली, चव घेतली, पुन्हा फिरवली, आणि आम्हाला वाढताना म्हणाली, "जेवून कोनाले काही झालं तं मले सांगजा." बाबा मात्र त्या दिवसापासून वेगळेच झाले. घरी आलेल्या प्रत्येकाला ते आधी टाकीचं पाणी पाजायचे आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहत बसायचे. कोणाचं डोकं दुखो, गुडघा दुखो, ते म्हणायचे, "आमच्या टाकीचं पानी घेऊन पाहा." बळीरामकाका कुंपणावरून म्हणाले, "मास्तरनं दवाखाना काढला."

लग्न पुढच्या वैशाखात ठरलं, मुलीच्या दारी. जसजसा दिवस जवळ येऊ लागला तसतशी माझी झोप उडाली. आनंदानं नव्हे. मांडवाला पाणी कुठून आणशील, हे आत्याबाईंचं वाक्य माझ्या डोक्यात ठोकलं गेलं होतं. आमची वरात मोठी. ट्रकभर माणसं, उन्हातून तहानलेली जाणार. तिथं पाणी कमी पडलं, तर आमच्याकडचे लोक, ज्यांना जन्मभर पाण्यावरून ऐकून घ्यावं लागलं होतं, ते काय काय बोलतील हे मला ठाऊक होतं. आणि जिच्या नावानं दादा वर्षभर गात होता ती त्याच मांडवात खाली मान घालून बसलेली असेल. मायला सांगितलं असतं तर तिनं वाट काढली असती. पण तोंडाला डाख होता. एका बाईनं माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि त्या वयात माझ्यावर दुसऱ्या कोणी टाकला नव्हता.

म्हणून मी पोट धरलं. लग्नाच्या आधल्या आठवड्यात मी बाबांपुढे जाऊन वाकडी झाले आणि म्हणाले की, बाबा, मला आता बाहेरचं कोणतंच पाणी सोसत नाही, प्यायलं की कळ येते, फक्त आपल्या टाकीचं पाणी चालतं. दुसऱ्या कोणत्याही बापानं पोरीला डॉक्टरकडे नेलं असतं. माझ्या बाबांचा चेहरा उजळला. "म्या सांगत नव्हतो?" ते मायला म्हणाले. "शरीराले कळते. पोरीसाठी टाकीचं पानी संग घ्या लागते."

"एक कॅन भरून घेऊ," माय म्हणाली.

"मले लय तहान लागते," मी म्हणाले. "ड्रमच घ्या. दोन."

मायनं माझ्याकडे पाहिलं. पोरांचं खोटं ओळखताना ती पाहायची तसं. "दोन ड्रम पेशील?"

"उरलं तं पाहुने पेतील."

दुसऱ्या दिवशी मायनं स्वतः दोन झाकणाचे ड्रम राखेनं घासून उन्हात पालथे घातले. तिला किती कळलं होतं ते मी तिला कधी विचारलं नाही.

शेंदूरजन्याला ट्रक पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मांडव बागेच्या कडेला घातलेला, आणि बागेतली निम्मी झाडं करड्या काटक्यांची. नामदेवराव फाटकाशी उभे होते, नवा सदरा, आणि डोळे आमच्यावर नव्हते, आमच्या मागच्या रस्त्यावर होते. पाण्याच्या बैलगाड्या दुरून यायच्या होत्या आणि आल्या नव्हत्या. मांडवात मातीच्या माठांपाशी दोन बाया उगीच पेले पुसत होत्या. आमच्याकडचा एक म्हातारा उतरल्या उतरल्या म्हणाला, "पानी आना बा आधी." कोणीच हललं नाही. तेवढ्यात ट्रकच्या मागून आमचे ड्रम खाली आले.

आत्याबाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी ड्रम पाहिले, मग मला शोधलं. माझ्याजवळ येऊन, पदर नीट करत, ओठ न हलवता विचारलं, "सांगितलंस?"

"नाई. बाबाले वाटते माया पोटात बिघाड हाय."

त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. पण दुसऱ्याच क्षणी त्या वळून बाबांकडे गेल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या हातच्या टाकीचं पानी संग आनलं म्हनते! आमाले चाखू द्या की. आज या मांडवात पहिलं पानी व्याह्याच्या घरचं." बाबांना एवढं पुरे होतं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पळी मागून घेतली आणि स्वतः वाढायला उभे राहिले. प्रत्येक पेल्याबरोबर ते रिवेटची हकिगत सांगत होते. वरातीतल्या लोकांनी ती ऐकत ऐकत पाणी प्यायलं, मुलीकडच्यांनीही प्यायलं, आणि दुसरा ड्रम अर्ध्यावर आला तेव्हा पाण्याच्या गाड्या बागेच्या वळणावर दिसल्या. नामदेवरावांनी बाबांच्या हातून पेला घेतला, आणि एका दमात रिकामा केला. मग म्हणाले, "गोडं हाय, मास्तर." एवढंच. पुढे आयुष्यभर त्या माणसानं आमच्या गावच्या पाण्याला नाव ठेवलं नाही.

त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, दादा हसतोय की घाबरलाय हे कोणाला कळलं नाही, आणि पंगती बसल्या. वांग्याची भाजी, पोळ्या, कढी, आणि पत्रावळीच्या कडेला बुंदीचे लाडू, तुपानं ओले. मी बसले आणि बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. "हिले साधा भात वाढा. पोट नाजूक हाय." मी वळून पाहिलं. "बाबा, आता बरं हाय." "टाकीच्या पान्यानं बरं वाटून राहिलं, म्हून बिघडवाचं का?" माझ्या पत्रावळीवर भाताची मूद आली, त्यावर चमचाभर ताक. लाडूचं ताट घेऊन खुद्द आत्याबाई येत होत्या. मी आशेनं वर पाहिलं. त्या माझ्यासमोर थांबल्या, आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "नको वं माय, हिले नको. पोटाचं दुखनं वाईट असते." ताट पुढे गेलं. शेजारी बसलेल्या बळीरामकाकांनी तीन लाडू खाल्ले, मी मोजत नव्हते, ते मोठ्यानं सांगत होते.

परतताना ऊन उतरलं होतं. ट्रकच्या कॅबिनमध्ये ड्रायव्हर, बाबा आणि दादा, मागे कडेला बाकीचे पुरुष, गाद्यांवर आम्ही बायापोरं आणि आमच्यात नवी नवरी. रिकामे ड्रम कोपऱ्यात बांधलेले. मोर्शीच्या पुढे रस्ता खराब झाला आणि एका ड्रमच्या आत काहीतरी खडखडायला लागलं. प्रत्येक खड्ड्याला खडाड्. कॅबिनच्या मागच्या खिडकीतून बाबांनी ओरडून विचारलं, "त्या ड्रममधी काय हाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी उठणार तोच नव्या वहिनीनं, जी दिवसभरात एक शब्द बोलली नव्हती, ड्रमचं झाकण सरकवलं, आत हात घालून फडक्यात बांधलेला पितळी डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. डब्यातून तुपाचा वास येत होता. माय दुसरीकडे पाहायला लागली.

"औषध हाय, मामंजी," वहिनी खिडकीकडे तोंड करून म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता. "आत्याबाईनं देल्लं. कुंदाताईच्या पोटासाठी."

"असं का? मंग आताच दे तिले," बाबा म्हणाले. "वेळेवर घेतलं पायजे."

मी डबा उघडला आणि पहिला लाडू अख्खाच तोंडात घातला. मग बाबांनी विचारलं, "कडू हाय का वं?"

तोंड भरलेलं होतं. बोलायला जरा वेळ लागला.

"लय कडू हाय, बाबा," मी म्हटलं.